आधी वजन की आधी गुडघा? लिगामेंटच्या ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनाबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी सांगते, म्हणजे काही चुकलं असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. वय ३६. फुटबॉल खेळताना गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलं, सात महिन्यांपूर्वी हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीचा, तुकडा (ग्राफ्ट) त्याजागी घालून ऑपरेशन झालं. तिसऱ्या महिन्यात चालणं सुरळीत झालं तशी फिजिओथेरपी बंद केली. तोवर आणि त्यानंतर मिळून वजन ७४ वरून ८७ किलोवर गेलं. ते उतरवायला आता रोज ट्रेडमिलवर ५ किलोमीटर पळताय आणि दिवसातून एकदाच जेवताय. पहिल्या दोन आठवड्यांत ३ किलो गेले, मग काटा हलेना, आणि आता संध्याकाळ झाली की गुडघा सुजतो. विचारलंय की आधी वजन उतरवू की आधी गुडघा बघू, मैदानावर कधी परतता येईल, आणि पळताना नीकॅप घालू का.

मला यात खरी अडचण मांडीत दिसते. ऑपरेशन झालेल्या पायाची मांडी अजून अशक्त आहे, आणि वजन उतरवायचं सगळं काम तुम्ही त्याच पायावर टाकलंय. वर जेवण इतकं कापलंय की मांडी भरायला लागणारा मालही पोटात जात नाही. त्यामुळे गुडघा सुजतो, सुजेमुळे मांडी आणखी ढिली पडते, आणि वजन जिथल्या तिथे राहतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुमचा गुडघा मी हातात घेऊन पाहिलेला नाही. ऑपरेशनच्या वेळी मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शिवला होता का, कूर्चेला इजा होती का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, यावर बरंच काही बदलतं. यातलं काही असेल तर खालच्या गोष्टी तुमच्या सर्जनच्या सल्ल्याच्या चौकटीतच बसवा. आणि गुडघा मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल, सूज गरम आणि लाल असेल, ताप येत असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर वाचन इथेच थांबवून डॉक्टरांना गाठा.

आता सुजेबद्दल, कारण सगळ्यात महत्त्वाची खूण तीच आहे. गुडघ्यात थोडं जरी पाणी झालं तरी मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्सना, पूर्ण जोर लावू देत नाही. अगदी निरोगी गुडघ्यात थोडं सलाइन टोचून पाहिलेले प्रयोग आहेत, त्यातही क्वाड्सची ताकद लगेच घटलेली दिसते. म्हणजे संध्याकाळी सुजलेल्या गुडघ्यानं तुम्ही कितीही स्क्वॉट मारा, तो स्नायू अर्धवटच काम करणार. माझ्याकडे येणारे बरेच खेळाडू दुखण्याकडे लक्ष देतात आणि सुजेकडे दुर्लक्ष करतात. "दुखत नाही, नुसती थोडी सूज आहे" हे वाक्य मी फार वेळा ऐकते. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर मी उलटं सांगते. थोडं दुखलेलं चालवून घेऊ, पण सूज आली की कालचं काम जास्त झालं असं समजायचं.

ती घरच्या घरी अशी बघा. पाय लांब करून आडवे व्हा, मांडी पूर्ण सैल सोडा. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला, एक छोटी खळी असते. तळव्यानं त्या खळीपासून वर मांडीकडे दोन-तीनदा दाबत न्या, म्हणजे आतलं पाणी वर सरकेल आणि खळी रिकामी दिसेल. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूनं वरून खाली एकदाच हात फिरवा आणि नजर खळीवर ठेवा. ती फुगून भरून आली तर गुडघ्यात पाणी आहे. हात न फिरवताच आपोआप भरली तर जरा जास्तच आहे. आधी चांगल्या गुडघ्यावर करून बघा, म्हणजे फरक डोळ्यांत बसेल. रोज सकाळी उठल्यावर एकदा, आणि व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी न चुकता. पळायच्या आधी वेदनाशामक गोळी घेत असाल तर ती बंद करा, नाहीतर शरीर काय सांगतंय ते कळणारच नाही.

आता पळण्याचा हिशेब मांडू. पळताना किलोमीटरमागे, वजनाच्या प्रत्येक किलोला, ढोबळमानानं १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ८७ किलोच्या माणसाचे ५ किलोमीटरला सव्वाचारशेच्या आसपास. त्यातून नुसतं बसून राहिला असतात तरी जे खर्च झालं असतं ते वजा करा. १ किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. तुम्ही एक घासही जास्त खाल्ला नाहीत, तरी १ किलो चरबीला जवळजवळ वीस वेळा पळायला लागेल. (हातातलं घड्याळ यापेक्षा मोठा आकडा दाखवत असेल. त्यावर फार भरवसा ठेवू नका.) दुसऱ्या बाजूला, त्या ५ किलोमीटरमध्ये दुखऱ्या पायावर काही हजार वेळा पाऊल पडतं, आणि प्रत्येक वेळी जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट असतो. तो धक्का झेलण्याचं काम क्वाड्सचं. ते झेलत नसतील तर सगळं सांध्यावर येतं. म्हणून पळणं सध्या बंद. कायमचं नाही, पण वजन उतरवण्याचं साधन म्हणून तर नक्कीच नाही.

वजनाचा गुडघ्याशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. गुडघ्याची झीज असलेल्या, वजन जास्त असलेल्या प्रौढांवरच्या एका अभ्यासात, १ किलो वजन कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं कमी होतो असं दिसलं होतं. वजन उतरवायला हवंच. फक्त ते काम जेवणाकडे द्यायचं, आणि पायाला पायाचं काम करू द्यायचं.

जेवणाबद्दल. वजन का वाढलं ते आधी बघा. आठवड्यातले तीन-चार दिवस खेळणारा माणूस अचानक बसतो. सराव बंद होतो हे त्याला दिसतं. पण जिने टाळणं, छोट्या कामालाही गाडी काढणं, उभ्यानं करायची कामं बसून करणं, ही दिवसभराची हालचाल किती घटली ते लक्षात येत नाही. भूक मात्र खेळाडूचीच राहते. एका दिवसात यातलं काही जाणवत नाही, महिन्यांनी कपडे सांगतात.

मग एकदाच जेवून काय बिघडलं? पहिले ३ किलो जे गेले त्यात चरबी थोडीच होती. स्नायूत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, दर ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून असते. खाणं एकदम कापलं की ते दोन्ही जातं आणि काटा खाली येतो. त्यानंतरचा वेग चरबीचा, म्हणून तो संथच असतो. काटा हलत नाही असं वाटायचं एक कारण हे. दुसरं म्हणजे, एकाच जेवणात तुम्हाला लागतील तितकी प्रथिनं खाणं अवघड आहे, आणि स्नायू परत बांधायचा असेल तर ती दिवसभरात वाटून मिळालेली बरी.

मी अशा वेळी साधारण असं सांगते. आठ-दहा दिवस काहीही न बदलता जे खाता ते प्रामाणिकपणे लिहा, आणि त्या दिवसांचं सकाळचं वजनही लिहा. वजन स्थिर असेल तर तेवढी तुमची रोजची गरज. त्यातून ३०० ते ५०० किलोकॅलरी कमी करा, त्याहून जास्त नाही. प्रथिनं लक्ष्य वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास. तुमचं लक्ष्य ७८ धरलं तर दिवसाला १२५ ग्रॅम, तीन-चार जेवणांत वाटून, म्हणजे दर वेळी ३०-४० ग्रॅम. अंडी, मासे, मांस, दूध-दही, कडधान्यं, सोया, तुम्हाला जे चालतं त्यातून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. व्यायामाच्या आधी-नंतर पिष्टमय पदार्थ ठेवा, उपाशीपोटी जड वजन उचलण्यात काही शौर्य नाही. कपात करायचीच तर गोड पेयं, तळलेलं, दारू आणि रात्रीचं चाळा म्हणून खाणं इथून करा. झोप कमी असेल तर भूक वाढते आणि स्नायूही नीट भरत नाही, म्हणून झोपेला मी व्यायामाइतकंच धरते.

आठवड्याला अर्धा किलो गेला तर उत्तम, पाव किलो गेला तरी चालेल. रोजचा आकडा बघून हुरळू नका आणि खचूही नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती आधीच्या आठवड्याशी ताडून बघा. कंबर मोजा. मांडीही मोजा, वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर, दोन्ही पायांची, स्नायू सैल सोडून. चरबीमुळे मांडीचा फरक झाकला जातो, त्यामुळे टेप सगळं सांगत नाही. पण दोन पायांत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर मांडीनं बराच स्नायू गमावलाय हे नक्की. वजन तेच, कंबर कमी आणि मांडी जास्त, असा महिना आला तर मी तो महिना चांगला गेला म्हणते.

इथे दुसऱ्या दुखापतीचं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी एक इशारा. हा जेवणाचा सल्ला सगळीकडे लागू नाही. ऑपरेशन किंवा मोठी दुखापत नुकतीच झालेली असेल तर पहिले काही आठवडे कॅलरी कापूच नका. जखम भरायला शरीराला ऊर्जा लागते. आणि हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं असेल तर वजन कमी करण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. कमी खाऊन जास्त व्यायाम करणं हेच अनेकदा त्या फ्रॅक्चरचं कारण असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं. हाडं, संप्रेरकं, मासिक पाळी, प्रतिकारशक्ती, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो, आणि पुरुषांनाही तो होतो.

आता पायाचं काम. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, जड व्यायाम. जड म्हणजे शेवटच्या रेपला (एक रेप म्हणजे व्यायाम एकदा करणं) आणखी दोनच रेप्स जमल्या असत्या असं वाटलं पाहिजे. तिसऱ्या महिन्यात दिलेली रबर बँड घेऊन सातव्या महिन्यातही तीच पंधरा-पंधरा वेळा ओढत बसलेले लोक मी पाहते, त्यानं मांडी भरत नाही. एका पायावरचा लेग प्रेस, पायरीवरून एका पायानं सावकाश खाली उतरणं, लेग एक्स्टेन्शन, हॅमस्ट्रिंग कर्ल, पोटरीसाठी एका पायावर टाचा उचलणं, आणि नितंबांसाठी एका पायावरचा ब्रिज. प्रत्येकाचे ३ सेट, ६ ते १२ रेप्स. तुमचा ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगमधून घेतलाय, त्यामुळे मांडीचा मागचा भागही कमजोर असणार, त्याला विसरू नका. लेग एक्स्टेन्शन किती कोनातून करायचं हे मात्र तुमच्या फिजिओकडून ठरवून घ्या. दोन पायांवरचा स्क्वॉट मुद्दाम सांगत नाहीये. दुखरा पाय त्यात गुपचूप काम चुकवतो आणि चांगला पाय त्याचं ओझं उचलतो. आरशात दोन्ही सारखेच वाकलेले दिसतात, म्हणून कळत नाही.

दमसासासाठी उरलेल्या दिवशी सायकल. सीट अशी ठेवा की पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जरासा वाकलेला राहील. सीट खाली असली की वाटीवर ताण येतो. आधी ३० ते ४० मिनिटं बोलता येईल अशा वेगानं. दोन-तीन आठवडे गुडघा कोरडा राहिला की आठवड्यातून एकदा ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू, असे चार फेरे. पोहणं येत असेल तर फ्रीस्टाइल चालेल, ब्रेस्टस्ट्रोकची लाथ सध्या नको, तिच्यात गुडघ्याला पीळ बसतो. चालणंही वाढवा, पण हळूहळू, सकाळची खळी बघत.

दम फार लागतो, वय झालं असं वाटतं, असंही तुम्ही लिहिलंय. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला होता. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशानं घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं, तेव्हा तीन दशकांच्या वयानं झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. पण त्याच प्रयोगात, अंथरुणावरून उठल्यावर दोनेक महिन्यांच्या व्यायामानं क्षमता परतही आली होती. दम लवकर जातो आणि तसा लवकर येतोही. मांडीला जास्त वेळ लागतो, आणि ग्राफ्टला त्याहून जास्त. तिथेच लोक फसतात. छाती तयार होते, उत्साह वाढतो, आणि गुडघा अजून मागेच असतो.

पळणं परत कधी? माझ्याकडे चार अटी आहेत. दोन आठवडे खळी न भरणं. गुडघा दुसऱ्या गुडघ्याइतका पूर्ण सरळ होणं. अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या दिवशी काही न होणं. आणि ताकद चांगल्या पायाच्या निदान ७० टक्के असणं. घरी अंदाज घ्यायचा तर खुर्चीवर बसा, हात छातीशी बांधा, आणि एकाच पायावर उठा-बसा. गुडघा आत कोसळू न देता किती वेळा होतं ते दोन्ही पायांचं मोजा. पण एक गोम आहे. सात महिन्यांत तुमचा चांगला पायही उतरलेला आहे. उतरलेल्या पायाशी तुलना करून ९० टक्के आले तरी ते खरे ९० नसतात. म्हणून शक्य असेल तिथे यंत्रावर ताकद मोजून घ्या आणि ती शरीराच्या वजनाच्या हिशेबातही बघा.

अटी पुऱ्या झाल्या की १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असे आठ-दहा फेरे, एक दिवसाआड. सूज नसेल तर पुढच्या आठवड्यात पळायचं थोडं वाढवा. रोज ५ किलोमीटर हा हट्ट सोडा.

मैदानाचं विचारलंत, तर नऊ महिन्यांच्या आधी वळणं-पिळणं असलेल्या खेळात परत जाऊ नये हे आता बहुतेक सगळे मानतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. क्वाड्स दोन्ही पायांत जितके सारखे, तितका धोका कमी, हेही त्यातच दिसलं. पण नऊ हा आकडा नीट पुनर्वसन करणाऱ्यांसाठी आहे. तुमचे मधले चार महिने मांडीच्या दृष्टीनं कोरेच गेलेत. आजपासून तीन-चार महिने ताकद, मग पळणं, मग उड्या आणि अचानक दिशा बदलण्याचा सराव, मग धक्काबुक्की नसलेला संघाचा सराव, मग अर्धा सामना, असं धरलं तर ऑपरेशनपासून वर्ष उलटून जाईल, कदाचित सव्वा वर्षही होईल. वजन ७८ वर आलं म्हणून हे लवकर होत नाही, आणि ८२ वर अडकलं म्हणून थांबतही नाही. ८२ किलोचा, मांडी भरलेला खेळाडू मला ७४ किलोच्या काटकुळ्या पायापेक्षा मैदानावर जास्त सुरक्षित वाटतो.

एक काम याच आठवड्यात करा. ज्या फिजिओकडे जाणं सोडलंत त्यांच्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे एकदा तपासून घ्या. रोज जायची गरज नाही. महिन्यातून एक-दोनदा जाऊन ताकद मोजायची, व्यायाम जड करून घ्यायचा, बाकी तुम्ही जिममध्ये स्वतः करू शकता.

राहिली नीकॅप. गुडघा गरम राहतो, धीर येतो, इतकाच तिचा उपयोग. गुडघ्याला बसणारा पीळ ती अडवत नाही. घालावीशी वाटली तर घाला, फक्त सकाळची खळी बघायची असेल तेव्हा रात्रभर घालून झोपू नका, दाबून ठेवलेल्या गुडघ्यात पाणी दिसत नाही.